पेन्सिलीची रेघ आणि चिपचे व्होल्टेज

शिसपेन्सिलीने कागदावर जाड रेघ ओढून तिची दोन टोके मल्टिमीटरला जोडली, तर तिचा रोध मोजता येतो. तो सहज काही हजार ओहम भरतो. पेन्सिलीत शिसे नसतेच. ग्रॅफाइट आणि चिकणमाती असते, आणि ग्रॅफाइट हा वीजवाहक आहे. तीच रेघ पुन्हा पुन्हा गिरवली की रोध उतरत जातो. वर्गात पाच मिनिटांत होणाऱ्या या प्रयोगाचा हौशी मंडळींनी एकेकाळी भलताच उपयोग करून घेतला.

संगणकाच्या पडद्यावरची चित्रे तयार करण्याचे काम ग्राफिक्स कार्डावरची एक चिप करते. तिचे काम घड्याळाच्या ठोक्यांवर चालते. हे ठोके कारखान्याने नेमून दिले त्यापेक्षा जलद करणे, याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. ते मुळात शक्य का व्हावे? एकाच पद्धतीने बनवलेल्या चिपासुद्धा तंतोतंत सारख्या नसतात. विकताना वेग असा ठरवावा लागतो, की त्यांतली मंदशी चिपही तो बिनचूक गाठेल. मग बाकीच्यांच्या अंगी थोडी ताकद शिल्लक राहते. इंटेलचा १९९८ सालचा सेलेरॉन ३००ए हा ३०० मेगाहर्ट्‌झचा प्रोसेसर अनेकांकडे ४५० वर चालला, तो या शिलकीवरच.

शिल्लक संपली की पडद्यावर चुकीचे ठिपके उमटू लागतात, कारण पुढचा ठोका पडेपर्यंत काही ट्रान्झिस्टरांचे काम उरकलेले नसते. प्रत्येक ट्रान्झिस्टरला पुढच्या जोडणीची इवलीशी विद्युतधारकता भरायची असते. व्होल्टेज वाढवले तर धारा वाढते आणि ती लवकर भरते. पण त्या काळच्या बहुतेक कार्डांवर व्होल्टेज बदलण्याची सोयच नव्हती. म्हणून लोक सोल्डरिंगची इस्त्री घेऊन बसले.

चिपला वीज पुरवणारा नियंत्रक आपलेच व्होल्टेज दोन रोधकांच्या मालेतून तपासत असतो. समजा, दोन्ही रोधक १००० ओहमचे आहेत आणि खालच्या रोधकावर नेहमी ०.८ व्होल्ट राहावेत, एवढेच नियंत्रक पाहतो. धारा ०.८ मिलिअँपिअर, म्हणून वरच्या रोधकावरही ०.८ व्होल्ट, आणि चिपला मिळतात १.६ व्होल्ट. (आकडे हिशेबाच्या सोयीचे घेतले आहेत.) आता खालच्या रोधकाला ९००० ओहम समांतर जोडा. त्याचा रोध ९०० ओहम झाला. ०.८ व्होल्ट राखायचे तर धारा वाढलीच पाहिजे; मग वरच्या रोधकावर सुमारे ०.८९ व्होल्ट येतात आणि चिपला १.६९ मिळतात. नियंत्रकाला फसवले म्हणा हवे तर, पण त्याने आपले काम चोख केले!

हे ९००० ओहम कोणी बदलत्या रोधकाने जोडत, तर कोणी त्या चिमुकल्या रोधकावर सरळ पेन्सिल घासत. २००७ च्या एनव्हिडिया ८८०० जीटी आणि २००८ च्या रेडिऑन एचडी ४८५० या कार्डांवर पेन्सिलीची ही युक्ती विशेष चालली. जास्त घासले गेले तर खोडरबर होतेच. मात्र व्होल्टेज न मोजता घासत राहणाऱ्याला खोडरबर वापरायची संधी मिळेलच, असे नव्हते.

कारण चिपमध्ये खर्च होणारी वीज ठोक्यांच्या वेगाच्या, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वरच्या उदाहरणात व्होल्टेज साडेपाच टक्क्यांनी वाढले, तर वर्गामुळे खर्च ११ टक्क्यांनी. वेग १० टक्के वाढवला असेल तर एकूण उष्णता जवळजवळ २३ टक्के अधिक. शिवाय धारा दाट झाली आणि तापमान चढले, की चिपमधल्या धातूच्या तारांतले अणूच इलेक्ट्रॉनांच्या माऱ्याने हळूहळू सरकतात आणि शेवटी तार तुटते. मोटोरोलातील जेम्स ब्लॅक यांनी तारेच्या आयुष्याचे हे गणित १९६९ मध्ये मांडले होते.

गंमत अशी, की हौशी लोक व्होल्टेज चढवत होते, तेव्हा सारा उद्योग ते उतरवण्याच्या खटपटीत होता. आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांनी १९७४ मध्ये सहकाऱ्यांसह दाखवले होते, की ट्रान्झिस्टर लहान करताना व्होल्टेजही त्याच प्रमाणात कमी केले, तर तो जलद होतो आणि तेवढ्याच जागेत उष्णता वाढत नाही. या वाटेने ५ व्होल्टांवरून १ व्होल्टाच्या आसपास येता आले. तिथे गाडी अडली. त्याखाली फार उतरले तर ट्रान्झिस्टर नीट बंद होईना, वीज गळू लागली. ऑक्टोबर २००४ मध्ये इंटेलने ४ गिगाहर्ट्‌झचा पेंटियम ४ रद्द केला, त्यामागे ही उष्णताच होती. पेन्सिलवाल्यांना घरी जी भिंत लागली, तीच कारखान्यांनाही लागली.

२०१२ च्या जीटीएक्स ६८० पासून एनव्हिडियाची कार्डे शिल्लक पाहून वेग आणि व्होल्टेज स्वतःच थोडे वरखाली करू लागली. पुढे तर लोक आज्ञावलीतून व्होल्टेज उतरवू लागले. इथेरियम या आभासी चलनासाठी सप्टेंबर २०२२ पर्यंत ग्राफिक्स कार्डे रात्रंदिवस राबवली जात. त्या गणनेत स्मृतीचा वेग महत्त्वाचा आणि विजेचे बिल त्याहून महत्त्वाचे, म्हणून ही मंडळी चिपचे व्होल्टेज जमेल तितके खाली आणत.

हे काम पेन्सिलीनेही झाले असते का? ९००० ओहमची तीच रेघ खालच्याऐवजी वरच्या रोधकाला समांतर जोडली तर चिपला किती व्होल्ट मिळतील, हे मुलांना काढायला सांगता येईल. उत्तर १.५२ यायला हवे.