वाऱ्याला व्यापारी कुणी केलं?

शाळेत भूगोलाच्या पेपरात ‘कारणे द्या’ या सदरात एक प्रश्न हटकून असायचा: काही वाऱ्यांना व्यापारी वारे म्हणतात. उत्तर वर्गातल्या शेवटच्या बाकालाही पाठ होतं. पूर्वी शिडाची जहाजं या वाऱ्यांच्या जोरावर व्यापाराला जात, म्हणून. दोन गुण. मीही ते घेतलेत, आणि खरं तर परत करायला हवेत. जहाजं जात होती, व्यापारही होत होता, पण वाऱ्याचं नाव त्यावरून पडलेलं नाही.

ते पडलं इंग्रजी ‘ट्रेड’ या शब्दाच्या एका विसरलेल्या अर्थावरून. हा शब्द इंग्रजीत आला तो उत्तर जर्मनीच्या सखल मुलखातल्या बोलीतून, आणि तिथे त्याचा अर्थ होता वाट, माग, पावलांनी मळलेला रस्ता. सोळाव्या शतकातले इंग्रज खलाशी वारा ‘ट्रेड’ वाहतोय असं म्हणत, तेव्हा त्यांना सांगायचं असे की वाऱ्याने एक वाट धरली आहे आणि ती तो सोडत नाही. पुढे शब्द सरकत गेला. वाटेचा झाला नित्यक्रम, नित्यक्रमाचा उद्योग, उद्योगाचा धंदा, आणि शेवटी देवघेव. वारा मात्र जुन्याच अर्थाला धरून राहिला. अठराव्या शतकात इंग्रजांचा व्यापार समुद्रभर पसरला, तेव्हा खुद्द त्यांनाच वाटू लागलं की हे नाव आपल्या व्यापारावरूनच पडलं असणार. आपल्याकडे भाषांतर झालं ते त्यानंतर, त्यामुळे चूक आयती हाती आली. फ्रेंच लोक याच वाऱ्यांना ‘अलिझे’ म्हणतात, जर्मन ‘पसाट’ म्हणतात. त्यांत कुठे दुकान नाही. हिंदीत ‘व्यापारिक’बरोबर ‘सन्मार्गी पवन’ असाही शब्द चालतो, तो मूळ अर्थाच्या कितीतरी जवळ जातो. आपल्या पाठ्यपुस्तकांत आता ‘पूर्वीय वारे’ आले आहेत. दिशा कळते, तक्रार नाही. पण मला विचाराल तर ‘नेमाचे वारे’ म्हणावं.

कारण त्यांचा नेम खरोखर भीती वाटावी असा. १४९२ साली कोलंबस आधी दक्षिणेला कॅनरी बेटांपर्यंत उतरला आणि तिथून त्याने हा वारा पाठीशी घेतला. दिवसामागून दिवस वारा पश्चिमेकडेच ढकलत राहिला, तसे खलाशी धास्तावले. इथे उलटा वारा सुटतच नसेल तर घरी जायचं कसं? मधेच एकदा समोरून वारा आला, तेव्हा कोलंबसाने रोजनिशीत नोंद केली की याची फार गरज होती. माणसं जरा शांत झाली. परतताना तो उत्तरेला चढला आणि तिथल्या पश्चिमी वाऱ्यांनी घरी आला. जाण्याची वाट एक, येण्याची दुसरी. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून परतणाऱ्या पोर्तुगीज खलाशांना ही युक्ती आधीपासून ठाऊक होती. असं का होतं, हे मात्र कुणालाच सांगता येत नव्हतं.

ते सांगायचा पहिला भरीव प्रयत्न १६८६ साली एडमंड हॅलीने केला. धूमकेतूवाला हॅली तोच. विशीत असताना तो दक्षिण अटलांटिकमधल्या सेंट हेलेना बेटावर ताऱ्यांची यादी करायला गेला होता, आणि ते बेट याच वाऱ्यांच्या पट्ट्यात येतं. पुढे त्याने दर्यावर्दींकडून माहिती गोळा करून उष्ण कटिबंधातल्या वाऱ्यांचा नकाशा काढला. त्यावर बाण नाहीत. बारीक बारीक फटकारे आहेत, आणि फटकाऱ्याचं टोकदार अंग वारा येतो त्या दिशेला आहे. आपल्या अरबी समुद्रावर मात्र फटकाऱ्यांच्या ओळी आळीपाळीने उलटसुलट आहेत, कारण इथला वारा सहा महिन्यांनी पाठ फिरवतो.

नकाशा उत्तम होता. कारणही अर्धं बरोबर होतं. विषुववृत्तापाशी उन्हाने हवा तापते, पसरते, हलकी होऊन वर जाते. तिची जागा घ्यायला उत्तर-दक्षिणेकडची थंड, जड हवा आत येते. पण मग तिने सरळ उत्तरेकडून आणि दक्षिणेकडून यावं. ती पूर्वेकडून तिरकी का येते? हॅलीचं म्हणणं, सूर्य पश्चिमेकडे सरकतो, त्याच्याबरोबर तापलेली जागा सरकते, आणि हवा तिच्या मागे धावते. हे काही जमलं नाही.

ते जमवलं एका वकिलाने. जॉर्ज हॅडली हे त्याचं नाव. १७३५ साली त्याने जेमतेम पाच पानांचा निबंध लिहिला. त्याचं सांगणं असं की पृथ्वी फिरते हे विसरू नका. विषुववृत्तावरची जमीन ताशी सुमारे १६७० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे धावते, तर तिसाव्या अक्षवृत्तावरची सुमारे १४५० ने. तिसाव्या अक्षवृत्तावरून निघालेली हवा तिथला मंद वेग घेऊन विषुववृत्ताकडे येते, खालची जमीन पुढे निघून जाते, हवा मागे पडते. जमिनीवर उभ्या माणसाला ती पूर्वेकडून आल्यासारखी लागते. या हिशेबाने वारा ताशी दोनशे किलोमीटरचा व्हायला हवा, हे वकिलाच्या ध्यानात होतं. वाटेतली जमीन आणि पाणी हवेला घासून आपला वेग थोडा थोडा देत राहतात, असं उत्तर त्याने देऊन ठेवलं. मला सगळ्यात आवडतो तो त्याचा जमाखर्च. पूर्वेकडून येणारे वारे सतत पृथ्वीला घासत राहिले तर तिचं फिरणं हळू व्हायला हवं. ते होत नाही, त्याअर्थी दुसरीकडे तितक्याच जोराने पश्चिमेकडून वारे वाहत असले पाहिजेत. कोलंबसाला घरी आणणारे वारे ते हेच.

एवढं करून श्रेय गेलं कुणाला? बऱ्याच जणांनी ते हॅलीला देऊन टाकलं. हॅली, हॅडली, एका अक्षराचा फरक. १७५६ साली कांटने आणि १७९३ साली जॉन डाल्टनने तीच कल्पना स्वतंत्रपणे मांडली. हॅडलीने हे आधीच सांगितलंय हे डाल्टनला मागाहून कळलं, आणि त्याने ते मोकळेपणाने लिहिलं.

हॅडलीही पुरता बरोबर नव्हता. जागा बदलताना हवेचा वेग कायम राहत नाही, कोनीय संवेग कायम राहतो, त्यामुळे खरा फाटा त्याच्या हिशेबाच्या दुप्पट निघतो. शिवाय वर गेलेली हवा थेट ध्रुवापर्यंत जाते असं त्याला वाटलं होतं. ती तिसाव्या अक्षवृत्ताच्या आसपासच खाली बसते. खाली बसताना दाबली जाऊन तापते, ढग विरतात, आणि सहारासारखी वाळवंटं तिथे पसरतात. फिरत्या यंत्रांचं गणित कोरिओलिसने १८३५ साली मांडलं, पण त्यात वाऱ्याचा उल्लेखही नाही. वारा कुठल्याही दिशेने वाहो, उत्तर गोलार्धात तो उजवीकडे आणि दक्षिण गोलार्धात डावीकडे वळतो, हे जगभरच्या वाऱ्यांना लावून दाखवलं ते अमेरिकेतल्या विल्यम फेरेल या शाळामास्तराने, १८५६ साली, आणि तेही नॅशव्हिलच्या एका वैद्यकीय नियतकालिकात. रुग्ण आणि शस्त्रक्रिया यांच्या शेजारी पृथ्वीचे वारे!

आता आपल्याकडे वळू. हिवाळ्यात अरबी समुद्रावर ईशान्येकडून येणारा वारा म्हणजे हेच नेमाचे वारे. १४९८ साली वास्को द गामा मालिंदीहून सुमारे तेवीस दिवसांत कालिकतला आला तो मात्र नैर्ऋत्येचा वारा सुरू होताना. परतताना त्याने घाई केली. ऑक्टोबरच्या सुरुवातीला, ईशान्येचा वारा नीट लागायच्या आत, कारवारजवळच्या अंजदीव बेटावरून निघाला. समुद्र ओलांडायला जवळपास तीन महिने गेले आणि माणसं स्कर्व्हीने मेली. अरबांनी या ठरलेल्या वेळेला ‘मौसिम’ म्हटलं होतं. आपला मोसम तिथलाच, आणि पोर्तुगीजांच्या तोंडून फिरून आलेला मॉन्सूनही.

आणि नैर्ऋत्येचा वारा कोण? तोही परका नव्हे. उन्हाळ्यात आशियाची भुई तापते, कमी दाबाचा पट्टा विषुववृत्त सोडून उत्तरेला चढतो, आणि दक्षिण गोलार्धातले आग्नेयेकडून येणारे नेमाचे वारे त्याच्या ओढीने विषुववृत्त ओलांडतात. ओलांडताच डावीकडे वळणारा वारा उजवीकडे वळू लागतो. केनिया-सोमालियाच्या किनाऱ्याला घसटून, वाटेत समुद्राचं पाणी पिऊन, तो मृगाच्या सुमाराला कोकणात उतरतो. पुस्तकातला हा व्यापारी वारा पोचला की शिडांच्या काळात इथल्या बंदरांतला व्यापार बंद पडे. गलबतं, मचवे, पडाव किनाऱ्यावर ओढून झापांनी शाकारून ठेवायचे, ते थेट नारळी पौर्णिमेपर्यंत.