लहान ट्रॅक्टरला अवजाराची जोडणी

लहान ट्रॅक्टरला अवजाराची जोडणी म्हणजे साधारणतः १५ ते ३० अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरवर नांगर, रोटाव्हेटर, माती ढकलण्याचे पाते किंवा थंड प्रदेशांत बर्फ उडविणारे यंत्र यांसारखी साधने बसविण्याची प्रक्रिया होय. बोलीभाषेत अशा ट्रॅक्टरला मिनी ट्रॅक्टर म्हणतात. पिना भोकांत बसल्या की अवजार बसले, असा समज रूढ आहे. प्रत्यक्षात जोडणीची योग्यता वजन, शक्ती आणि जागा या तीन बाबींवर ठरते. रायगड जिल्ह्यातील हरिहरेश्वर व श्रीवर्धनच्या परिसरात लहान भातखाचरे आणि दाट नारळ-सुपारीच्या वाड्या असल्यामुळे या तिन्ही बाबींना विशेष महत्त्व येते.

पार्श्वभूमी

आरंभीच्या काळात ट्रॅक्टर अवजार केवळ ओढत असे. नांगर खडकात किंवा मुळात अडकला, तर चाके फिरत राहून ट्रॅक्टरचे तोंड वर उचलले जाई आणि तो चालकावर उलटे. आयर्लंडमध्ये जन्मलेले अभियंते हॅरी फर्ग्युसन (१८८४–१९६०) यांनी विकसित केलेल्या तीन-बिंदू जोडणीमुळे हा धोका पुष्कळ कमी झाला. या रचनेत अवजार व ट्रॅक्टर एकजीव होतात आणि अवजाराचा भार मागील चाकांवर येऊन पकड वाढते. १९३९ साली आलेल्या फोर्ड-फर्ग्युसन ट्रॅक्टरमुळे ही पद्धत सर्वदूर पोहोचली. आज जगभरच्या बहुतेक शेती-ट्रॅक्टरांत तीच आढळते.

मागील जोडणी

तीन-बिंदू जोडणीत खाली दोन आणि वर एक अशा तीन लिंक असतात. खालच्या लिंक हायड्रॉलिक यंत्रणेने वर-खाली होतात, तर वरच्या लिंकची लांबी कमी-जास्त करून अवजाराचा कल साधता येतो. जोडणीचे प्रकार क्रमांकांनी ओळखले जातात. प्रकार १ मध्ये खालच्या पिना २२ मिलिमीटर आणि वरची पिन १९ मिलिमीटर व्यासाची असते. प्रकार २ मध्ये हीच मापे अनुक्रमे सुमारे २८ व २५ मिलिमीटर असतात. अगदी लहान ट्रॅक्टरांसाठी याहून अरुंद प्रकारही आहेत. मोठ्या ट्रॅक्टरचे अवजार बुश घालून लहान ट्रॅक्टरला अडकविता येते. परंतु त्यामुळे त्याचे वजन कमी होत नाही.

फिरणाऱ्या अवजारांना इंजिनाची शक्ती पीटीओ नावाच्या दांड्यातून मिळते. मागील पीटीओची प्रमाणित गती मिनिटाला ५४० फेरे असून दांडा सुमारे ३५ मिलिमीटर व्यासाचा व सहा खाचांचा असतो. पीटीओवर मिळणारी शक्ती इंजिनाच्या शक्तीपेक्षा नेहमी कमी असते. म्हणून रोटाव्हेटर निवडताना इंजिनाची नव्हे, तर पीटीओची अश्वशक्ती पाहावी लागते.

पुढील जोडणी

ट्रॅक्टरच्या पुढे बसणाऱ्या अवजारांत माती ढकलण्याचे पाते, बकेट आणि फिरता झाडू यांचा समावेश होतो. पुढील जोडणीचे सर्वांत बोलके उदाहरण मात्र स्नो ब्लोअर, म्हणजे बर्फ उडविणारे यंत्र, हे आहे. कॅनडातील क्वेबेक प्रांताचे आर्थर सिकार्ड यांनी १९२५ च्या सुमारास असे वाहन यशस्वी केले. या यंत्रातील आडवा मळसूत्री दांडा बर्फ मध्यभागी गोळा करतो आणि त्यामागील पंखा तो नळीवाटे दूर फेकतो.

लहान ट्रॅक्टरला हे यंत्र पुढे बसविताना प्रथम सांगाड्याखाली पोलादी चौकट बोल्टांनी आवळली जाते. अनेक लहान ट्रॅक्टरांच्या पोटाखाली मधला पीटीओ असतो. तेथून एक दांडा पुढच्या गिअरबॉक्सपर्यंत नेऊन शक्ती पोहोचविली जाते. मधल्या पीटीओची गती बहुधा मिनिटाला सुमारे २,००० फेरे असते. त्यामुळे ५४० फेऱ्यांसाठी बनविलेले अवजार त्यास थेट जोडणे घातक ठरते. फिरण्याची दिशाही तपासावी लागते, कारण मागे चालणारे अवजार पुढे जोडल्यास उलटे फिरू शकते. दगड अडकला तर गिअरबॉक्स फुटू नये म्हणून मध्ये मुद्दाम नरम बोल्ट घातलेला असतो. तो तुटला म्हणून त्याजागी कठीण पोलादाचा बोल्ट बसविणे म्हणजे संरक्षणच काढून टाकणे होय. रोटाव्हेटरच्या दांड्यावरील अशा बोल्टालाही हाच नियम लागू पडतो.

वजनाचा हिशेब

पुढच्या आसाच्या पुढे टांगलेले वजन तरफेप्रमाणे काम करते. समजा, दोन आसांतील अंतर १५० सेंटिमीटर आहे आणि १५० किलोग्रॅमचे अवजार पुढच्या आसापासून ७५ सेंटिमीटर पुढे टांगले आहे. अशा वेळी मागील चाकांवरचा भार ७५ किलोग्रॅमने घटतो आणि पुढच्या आसावरचा भार २२५ किलोग्रॅमने वाढतो. म्हणजे पुढच्या आसावर अवजाराच्या वजनाच्या दीडपट बोजा येतो. परिणामी स्टिअरिंग जड होते, पुढचे बेअरिंग झिजते आणि मागील चाकांची पकड सुटते. यावर उपाय म्हणून मागे वजन लावतात. मागे जड रोटाव्हेटर असल्यास नेमके उलट घडते. पुढची चाके हलकी होऊन वळण घेता येत नाही. म्हणून पुढे लोखंडी वजने लावावी लागतात.

कोकणातील वापर

हरिहरेश्वर हे सावित्री नदीच्या मुखाशी वसलेले श्रीवर्धन तालुक्यातील गाव आहे. येथे बर्फ नाही. चिखल, बांध आणि खारा वारा आहे. भातलावणीपूर्वीची चिखलणी जून-जुलैच्या भर पावसात होते. त्यासाठी ट्रॅक्टरला रोटाव्हेटर आणि लोखंडी पट्ट्यांची केज व्हील लावतात. खाचरे लहान व एकाखाली एक पायऱ्यांसारखी असल्याने प्रत्येक बांध ओलांडताना तोल सांभाळावा लागतो. मागे अवजार असताना बांध सरळ चढल्यास ट्रॅक्टरचे तोंड उचलले जाते. त्यामुळे तीव्र चढ मागे चालवत चढणे अधिक सुरक्षित असते. चाके रुतल्यास त्यांना लाकूड बांधून बाहेर काढण्याचा प्रयत्न कधीही करू नये. लाकूड चाकाखाली आडवे आले की चाक फिरू शकत नाही आणि ट्रॅक्टरच आसाभोवती मागे उलटतो.

वाडीत प्रश्न जागेचा असतो. सुपारीची लागवड साधारणतः २.७ मीटर अंतरावर करतात. १.२ मीटर रुंदीचा रोटाव्हेटर दोन ओळींच्या मधोमध चालविला, तर दोन्ही बाजूंस खोडाच्या मध्यापर्यंत केवळ ७५ सेंटिमीटर जागा उरते. सुपारीची मुळे तंतुमय असून ती वरच्या थरात, खोडाजवळ दाट असतात. खोलवर फिरविलेला रोटाव्हेटर ती कापतो आणि त्याचा परिणाम झाडावर पुढे अनेक हंगाम राहतो. म्हणून ट्रॅक्टर वाडीत शिरतो की नाही एवढेच न पाहता अवजाराची रुंदी व खोली ठरविणे आवश्यक असते.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगड किनाऱ्यावर धडकले आणि श्रीवर्धन तालुक्यातील नारळ-सुपारीच्या बागांचे मोठे नुकसान झाले. सुपारीचे नवे झाड फळावर येण्यास पाच ते सात वर्षे लागत असल्याने वाचलेल्या प्रत्येक झाडाचे मोल वाढले. आडवी पडलेली खोडे ट्रॅक्टरने ओढताना साखळी मागच्या आसाच्या खाली असलेल्या ड्रॉबारलाच बांधावी लागते. ती वरच्या लिंकला किंवा आसाला बांधल्यास खोड अडताच ट्रॅक्टर मागे उलटू शकतो.

जोडणीचा क्रम

१. ट्रॅक्टर व अवजार सपाट, कठीण जमिनीवर आणावे.
२. प्रथम डावी खालची लिंक, नंतर लांबी जुळविता येणारी उजवी लिंक आणि शेवटी वरची लिंक जोडून प्रत्येक पिनेला खीळ घालावी.
३. पीटीओ दांड्याची लांबी तपासावी. अवजार वर-खाली करताना दांड्याच्या दोन नळ्या निदान एक-तृतीयांश एकमेकींत राहाव्यात. मात्र त्या पूर्ण आत टेकू नयेत. टेकल्यास सगळा दाब गिअरबॉक्सवर येतो.
४. साखळ्या आवळून अवजाराचे डावे-उजवे हेलकावे मर्यादित करावेत.
५. इंजिन मंद गतीवर ठेवून यंत्र फिरवून पाहावे आणि थोडे काम झाल्यावर सर्व बोल्ट पुन्हा आवळावेत.

समुद्रकाठी खाऱ्या हवेमुळे पिना, खाचा व मळसूत्रे लवकर गंजतात. काम संपताच अवजार गोड्या पाण्याने धुऊन, वाळवून, खाचांना ग्रीस लावून ठेवल्यास पुढील हंगामात जोडणी सुकर होते.

सुरक्षितता

मिनिटाला ५४० फेरे म्हणजे सेकंदाला नऊ फेरे. ३५ मिलिमीटर व्यासाच्या दांड्याचा परीघ सुमारे ११ सेंटिमीटर असतो. म्हणजे त्यात अडकलेले वस्त्र एका सेकंदात जवळजवळ एक मीटर गुंडाळले जाते. हात मागे घेण्यास किंवा इंजिन बंद करण्यास तेवढा अवधी पुरत नाही. म्हणून दांड्यावरील प्लॅस्टिकचे आवरण कधीही काढू नये. पदर, उपरणे, पंचा किंवा सैल रेनकोट घालून चालत्या यंत्राजवळ जाऊ नये. अडकलेले गवत काढण्यापूर्वी पीटीओ सोडवून, इंजिन बंद करून, किल्ली काढून घ्यावी. वर उचललेल्या अवजाराखाली टेकू दिल्यावाचून काम करू नये.

चाचणी व अनुदान

मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्रीय कृषी यंत्र प्रशिक्षण व चाचणी संस्था ट्रॅक्टरांच्या चाचण्या घेते. तिच्या अहवालांत पीटीओची शक्ती आणि हायड्रॉलिकची उचलक्षमता दिलेली असते. महाराष्ट्रात अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या स्वयंसहाय्यता बचत गटांसाठीच्या योजनेत ९ ते १८ अश्वशक्तीचा मिनी ट्रॅक्टर आणि त्याची उपसाधने यांसाठी ९० टक्के अनुदानाची तरतूद करण्यात आली. ट्रॅक्टरसोबतच उपसाधने घेतली जात असल्याने वजन, शक्ती व जागेचा हिशेब खरेदीपूर्वीच करणे हितावह ठरते.

हेही पहा

ट्रॅक्टर
रोटाव्हेटर
चिखलणी
सुपारी
निसर्ग चक्रीवादळ