हाताने दिलेला श्वास

पोलिओ म्हटले की आपल्याला आठवतो वाळलेला पाय आणि त्याला लावलेले कॅलिपर. पण हा विषाणू मेंदूच्या देठापर्यंत पोचला, तर रुग्णाला गिळता येत नाही, श्वासही घेता येत नाही. १९५२ च्या उन्हाळ्यात डेन्मार्कमधील कोपनहेगन शहरात अशाच रुग्णांची रीघ लागली. तिथल्या ब्लेगडॅम या संसर्गजन्य रोगांच्या रुग्णालयात, साथ भरात असताना, दिवसाला सुमारे ५० रुग्ण येत. श्वासाला मदत करणारी साधने मात्र सातच होती: एक लोखंडी फुफ्फुस आणि छातीवर बसवायची सहा कवचे. पहिल्या तीन आठवड्यांत या साधनांवर ठेवलेल्या ३१ रुग्णांपैकी २७ दगावले.

लोखंडी फुफ्फुस म्हणजे एक मोठे पिंप. रुग्णाचे डोके बाहेर, धड आत. पिंपातील हवेचा दाब कमी केला की छाती फुगते आणि हवा आत ओढली जाते. मात्र ज्याला गिळता येत नाही, त्याच्या घशात साठलेली लाळही त्या हवेबरोबर खाली ओढली जाते.

रक्ततपासणीत एकूण कार्बन डायॉक्साइड खूप वाढलेला दिसे. रक्तात हा वायू बहुतांशी बायकार्बोनेटच्या रूपात असतो, म्हणून रक्त अल्कधर्मी झाले असावे असा अर्थ लावला गेला. आम्ही प्रयोगशाळेतली माणसे. हातात आलेल्या आकड्याला सवयीचाच अर्थ चिकटवण्याचा मोह आम्हाला चांगला ठाऊक आहे. मुख्य वैद्य लासेन यांनी ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञांना बोलावले. इब्सेन शस्त्रक्रियागृहातले. भूल दिलेल्या रुग्णाचा श्वास अपुरा पडला की कार्बन डायॉक्साइड बाहेर न पडता साठतो आणि रक्त उलट आम्ल होते, हे त्यांच्या रोजच्या पाहण्यातले होते. आकडा तोच, अर्थ नेमका उलटा! दोहोंत निवाडा करायचा तर रक्ताचा पीएच मोजायला हवा होता.

२७ ऑगस्ट १९५२ रोजी बारा वर्षांच्या एका मुलीवर प्रयोग ठरला. हातपाय लुळे पडलेले, श्वास घरघरत होता. जागा बधिर करून तिच्या श्वासनलिकेला छेद देण्यात आला आणि त्यातून रबरी नळी बसवली. नळीभोवतीचा छोटा फुगा फुगवला की वरची लाळ खाली उतरत नाही. पण पिशवी दाबून हवा जाईना. मुलगी घाबरून झगडत होती. जमलेले डॉक्टर निराश होऊन निघून जाऊ लागले. इब्सेननी तिला पेंटोथाल दिले. झगडा थांबला, स्नायू सैल पडले, आणि आता हाताच्या दाबाने छाती नीट वरखाली होऊ लागली. साठलेला कार्बन डायॉक्साइड उतरला. ती मुलगी १९७१ पर्यंत जगली.

उपाय सापडला, पण पिशवी दाबणार कोण? वैद्यकीय विद्यार्थ्यांना बोलावण्यात आले. पाळीपाळीने सुमारे १,५०० विद्यार्थी खाटेशी बसले आणि त्यांनी एकूण १,६५,००० तास पिशव्या दाबल्या. एका वेळी सत्तरपर्यंत रुग्णांचा श्वास असा चालू होता. परिचारिकांचे काम याहून कमी जोखमीचे नव्हते. नळीत साठणारा कफ वेळोवेळी शोषून काढायचा, तो वाहून यावा म्हणून रुग्णाला कुशीवर वळवायचे, पाठीला जखमा होऊ द्यायच्या नाहीत, नाकातल्या नळीने अन्न द्यायचे. शिवाय गळ्यात नळी असलेल्या रुग्णाला बोलता येत नाही. हवा कमी पडते आहे की जास्त होते आहे, हे त्याच्या चेहऱ्यावरूनच ओळखायचे. इतिहासात विद्यार्थ्यांची गोष्ट रंगवून सांगितली जाते. आमच्या मते कफ काढणाऱ्या हातांचा वाटा तेवढाच मोठा आहे, कारण नळी तुंबली तर पिशवी दाबून काय उपयोग?

मृत्यूचे प्रमाण सुमारे ८७ टक्क्यांवरून हळूहळू २५ टक्क्यांच्या आसपास आले. १९५३ च्या डिसेंबरात इब्सेननी कोपनहेगनमध्येच अशा गंभीर रुग्णांसाठी वेगळा कक्ष सुरू केला. आजच्या अतिदक्षता विभागांची सुरुवात तिथे झाली असे मानतात. पिशवी दाबणाऱ्या हातांची जागा पुढे यंत्रांनी घेतली, आणि २०२० च्या कोविड साथीत ‘व्हेंटिलेटर’ हा शब्द शाळकरी मुलांच्याही तोंडी आला.

पिशवी मात्र गेली नाही. १९५६ मध्ये हेनिंग रूबेन आणि होल्गर हेसे या दोघांनी डेन्मार्कमध्येच दाब सोडताच आपोआप फुगणारी पिशवी बाजारात आणली. आपल्या रुग्णवाहिकांतून ‘अंबू बॅग’ म्हणून असते ती हीच. एका मोठ्या रुग्णालयात व्हेंटिलेटर मोकळा होईपर्यंत नातेवाईक रात्रभर आळीपाळीने ती दाबत बसलेले आम्ही पाहिले आहेत; अध्येमध्ये सिस्टर येऊन नळी साफ करून जात होत्या.