गळकाठी

गळाने मासे पकडण्यासाठी वापरण्यात येणारी लवचिक काठी. दोरी दूरवर फेकणे, गळ माशाच्या तोंडात रुतविणे आणि निसटू पाहणाऱ्या माशाचे हिसके स्वतः वाकून जिरविणे, ही तिची तीन कामे होत. पहिल्या दोन कामांसाठी ताठपणा, तर तिसऱ्यासाठी लवचिकपणा लागतो. या परस्परविरोधी गुणांचा मेळ घालण्याच्या प्रयत्नांतून गळकाठीचा इतिहास घडला असून, त्यात विदर्भाच्या वनांत विपुल असलेल्या मानवेल या बांबूच्या जातीला महत्त्वाचे स्थान आहे.

कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लास (सु. ११३०) या संस्कृत ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ असा स्वतंत्र भाग आहे. माशांचे प्रकार, त्यांना घालावयाचे खाद्य व गळाने त्यांना पकडण्याची रीत यांचे त्यात विवेचन आढळते. राजाच्या दृष्टीने हा विनोद होता. लोकजीवनात मात्र ते उपजीविकेचे साधन होते. वैनगंगेच्या काठी व पूर्व विदर्भातील मालगुजारी तलावांवर मासेमारी करणाऱ्या ढीवर समाजाची मुख्य भिस्त जाळ्यांवर राहिली. तथापि बांबूची काठी, टोकाला बांधलेली दोरी आणि गळ एवढे साधे साहित्यही सर्वत्र परिचित आहे. अशा काठीला दोरी गुंडाळण्याची फिरकी नसल्यामुळे तिचा टप्पा काठी व दोरी यांच्या लांबीपुरता मर्यादित असतो.

एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश अधिकाऱ्यांनी भारतीय नद्यांत छंद म्हणून गळाने मासेमारी सुरू केली. हेन्री सलिव्हन टॉमस याचा द रॉड इन इंडिया हा ग्रंथ १८७३ मध्ये मंगळूर येथे प्रसिद्ध झाला. महसीर हा येथील बलिष्ठ मासा. वेगवान प्रवाहात तो गळासह दूरवर धाव घेत असल्याने भक्कम काठी व भरपूर लांबीची दोरी आवश्यक ठरली.

याच सुमारास अमेरिकेत काठीच्या रचनेत मूलगामी बदल झाला. पेनसिल्व्हेनियातील ईस्टन येथील सॅम्युएल फिलिप व नंतर मेन राज्यातील हायरम लिओनार्ड यांनी बांबूच्या निमुळत्या पट्ट्या सरसाने जोडून काठ्या बनविल्या. सहा पट्ट्यांची षट्‌कोनी काठी पुढे सर्वमान्य झाली. बांबूच्या पृष्ठालगतचे तंतू सर्वांत चिवट असतात. या रचनेत ते बाहेरच्या बाजूस राहतात व आतील मऊ भाग काढून टाकला जातो. यासाठी प्रारंभी वापरलेला बांबू ‘कलकत्ता बांबू’ या नावाने ओळखला जाई. तो मानवेलाच्याच जातीचा (डेंड्रोकॅलॅमस स्ट्रिक्टस) होय. हे नाव त्याच्या जन्मस्थानावरून नव्हे, तर निर्यातीच्या बंदरावरून पडले. त्यामुळे ज्या वनांत तो वाढला व ज्या हातांनी तो तोडला, त्यांची ओळख व्यापाराच्या नोंदीत राहिली नाही. कोरड्या, खडकाळ जमिनीत मानवेल जवळजवळ भरीव होतो. भाल्याचे दांडे व लाठ्या यांसाठीही त्याला मागणी होती. मात्र त्याची पेरे आखूड व गाठी ठळक असतात, तसेच त्याला कीड लवकर लागते. म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभी चीनच्या क्वांगतुंग प्रांतातील सरळ व लांब पेरांच्या ‘टोंकिन’ बांबूने त्याची जागा घेतली. १९५० मध्ये अमेरिकेने चीनशी व्यापार बंद केल्यावर काचतंतूंच्या काठ्यांचा प्रसार वाढला आणि १९७० नंतर हलक्या व ताठ कार्बन तंतूंच्या काठ्या प्रचारात आल्या.

कृत्रिम माशी वापरून केल्या जाणाऱ्या मासेमारीत माशीला वजन जवळजवळ नसते. फेकीचा भार दोरीच वाहते. त्यामुळे काठी व दोरीचे वजन यांची जुळणी निर्णायक ठरते. एका हाताने फेकावयाची काठी साधारणपणे २.७ मी., तर स्कॉटलंडमधील स्पे नदीवर विकसित झालेली दोन हातांची काठी सु. ४ ते ४.५ मी. लांब असते. उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावरील नद्यांत समुद्रातून परतणाऱ्या स्टीलहेड माशासाठी या दोहोंच्या मधली, सु. ३.२ ते ३.५ मी. लांबीची ‘स्विच’ काठी वापरतात. ती एका वा दोन्ही हातांनी चालविता येते. मागे झाडी असल्यास दोन हातांनी, दोरी मागे न झुलविता फेक करता येते. निवड करताना नदीची रुंदी, माशाचे वजन व दोरीचा भार पाहावा लागतो. काठीत फेरफारही करतात : मुठीखाली दुसरी आखूड मूठ बसविल्यास दोन हातांचा उपयोग होतो, बुडाशी वजन घातल्यास तोल साधतो, शेंडा छाटल्यास काठी ताठ होते, परंतु मग अधिक वजनाची दोरी लागते.

गळकाठीच्या व्यवसायातून मानवेल मागे पडला, तरी विदर्भात त्याचे मोल कमी झाले नाही. बुरुडांचा व्यवसाय त्यावर अवलंबून होता आणि कागद कारखान्यांनाही तोच कच्चा माल हवा होता. वनस्पतिशास्त्रानुसार बांबू हे तृण असले, तरी १९२७ च्या भारतीय वन कायद्याने त्याची गणना वृक्षांत केली; त्यामुळे त्याची तोड व वाहतूक वनखात्याच्या परवान्याखाली आली. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबू गौण वनोपजांत समाविष्ट झाला. २७ एप्रिल २०११ रोजी गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाच्या ग्रामसभेस बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार प्रत्यक्ष मिळाला. २०१७ च्या दुरुस्तीने वनक्षेत्राबाहेरील बांबू वृक्षाच्या व्याख्येतून वगळण्यात आला. बंदराच्या नावाने परदेशी गेलेल्या या जातीच्या बांबूवर, तो जेथे वाढतो तेथील ग्रामस्थांचा हक्क अशा रीतीने विसाव्या शतकानंतरच कायद्याने मान्य झाला.