प्रतिस्पर्ध्यावाचून स्पर्धा : 'फर्स्ट'च्या खेळरचनेतील दोन प्रयोग

अमेरिकेतील 'फर्स्ट' या संस्थेची शालेय विद्यार्थ्यांसाठी असलेली यंत्रमानव-स्पर्धा १९९२ मध्ये न्यू हॅम्पशायरमधील मँचेस्टर येथे, एका शाळेच्या व्यायामशाळेत २८ संघांनिशी सुरू झाली. तिचा आरंभापासूनचा दंडक असा की, खेळ दरवर्षी नवा असावयाचा. अशा बदलांवर कुरकुर ही व्हावयाचीच. २००९ मध्ये चांद्रावतरणाच्या चाळिसाव्या वर्षानिमित्त मैदान मुद्दाम निसरडे केले, तेव्हाही ती झाली. परंतु मूलगामी मतभेद उत्पन्न झाले ते प्रतिस्पर्धीच काढून टाकला तेव्हा.

१९९९ पासून दोन-दोन संघांची युती परस्परांविरुद्ध खेळत असे. २००१ च्या खेळात चारही संघ एका बाजूस आले व समोर उरले केवळ घड्याळ. काम जितके लवकर आटोपेल तितकी गुणांची पट अधिक. सहकार्याचे हे शिक्षण काहींना मोलाचे वाटले, तर ज्यात कोणी हरत नाही तो सामना कसला, असा इतरांचा आक्षेप होता. २००२ मध्ये युती पुन्हा समोरासमोर आल्या.

येथे शब्दव्युत्पत्ती उद्बोधक आहे. इंग्रजी 'कॉम्पीट'चे मूळ लॅटिन 'कोम्पेतेरे', म्हणजे एकत्र येणे, मिळून शोधणे. उलट आपल्या 'स्पर्धा' शब्दातील 'स्पर्ध्' धातूत चढाओढ उघडच आहे. २००१ च्या रचनाकारांनी जणू लॅटिन अर्थ उचलला. प्रेक्षक मात्र संस्कृत अर्थाची वाट पाहत बसले!

हाच प्रयोग २०१५ मध्ये निराळ्या रूपाने झाला. मैदान मधोमध विभागले होते. प्रत्येक युतीने आपल्या भागात पेट्या रचून त्यांवर कचऱ्याचे पिंप ठेवावयाचे. प्रतिपक्षाच्या भागात प्रवेश निषिद्ध, आणि क्रमवारी जयपराजयावर नव्हे, तर सरासरी गुणांवर. यंत्ररचनेची परीक्षा यात अधिक शुद्ध होते, हे समर्थकांचे म्हणणे मला ग्राह्य वाटते. पण मधल्या पायरीवर चार पिंपे सामाईक राहिली होती. ती प्रथम पटकावण्यासाठी बलाढ्य संघांनी विजेच्या वेगाने झेपावणारे हात बनविले, आणि मोठ्या सामन्यांत क्षणाच्या अंशावर निकाल फिरू लागला. नियमांनी हद्दपार केलेली झुंज त्या चार पिंपांपाशी परत आली, यावरून दोष खेळाडूंच्या वृत्तीत होता असे म्हणता येत नाही. दुर्मिळ वस्तू सामाईक ठेवली की चढाओढ आलीच.

२०१६ च्या दुर्गयुद्धाच्या खेळात प्रतिपक्षाची अडवणूक व जयपराजय दोन्ही परतले. तथापि सहकार्याचा विचार मावळला नाही. 'कोऑपरेशन' व 'कॉम्पिटिशन' यांच्या संकराने घडलेला 'कोऑपर्टिशन' हा शब्द २०२३ च्या नियमांत होता. दोन्ही युतींनी ठरावीक जागी प्रत्येकी तीन वस्तू ठेवल्या, की क्रमवारीतील एका अधिक गुणासाठीची अट उभयतांना पाचावरून चारावर येई. सामना मात्र कोणीतरी एकच जिंके.