कर्जाच्या अटी आणि चावडीचे दप्तर

सरदार सरोवर प्रकल्पासाठी जागतिक बँकेबरोबरच्या करारांवर १० मे १९८५ रोजी सह्या झाल्या. रक्कम ४५ कोटी डॉलर. त्यातली ३० कोटी धरण आणि वीजघरासाठी, १५ कोटी कालव्यांसाठी. कर्जदार भारत सरकार होते, पण अटी पाळायच्या होत्या गुजरात, मध्य प्रदेश आणि महाराष्ट्राने. विस्थापितांचे राहणीमान सुधारावे, निदान पूर्वीइतके तरी व्हावे, त्यांना जमीन मिळावी, भूमिहीनांनाही उपजीविकेचे कायमचे साधन मिळावे, ही सगळी बंधने या करारांत लेखी आहेत. नर्मदेवर पुढे जे वाद पेटले, त्यांत बँकेची बाजू मांडणारे याच कलमांवर बोट ठेवत आले.

या कलमांचा हेतू चांगला होता, हे मान्य करूनच मी एक प्रश्न विचारतो आहे. त्यांच्यामुळे सरकारी यंत्रणा सुधारली का? तलाठ्याचे दप्तर, भूसंपादन अधिकाऱ्याची यादी, पुनर्वसन कार्यालयाचा निर्णय यांचा दर्जा वाढला का? उत्तर शोधायला कागद भरपूर आहेत: लवादाचा निवाडा, बँकेचे करार, राज्यांचे शासन निर्णय, मोर्स समितीचा अहवाल, सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. तारखेच्या क्रमाने ते शेजारी शेजारी ठेवले की पुष्कळ गोष्टी आपोआप जुळतात.

पहिला कागद बँकेच्या आधीचा आहे. नर्मदा जलविवाद लवादाचा निवाडा डिसेंबर १९७९ मध्ये राजपत्रात आला. ज्या कुटुंबाची पाव हिश्शापेक्षा जास्त जमीन जाईल, त्याला गेली तेवढी आणि किमान २ हेक्टर ओलिताची जमीन द्यायची. वयात आलेला मुलगा स्वतंत्र कुटुंब मानायचा. आणि पुनर्वसनाची व्यवस्था झाल्याशिवाय महाराष्ट्र व मध्य प्रदेशातली कोणतीही जमीन बुडवायची नाही. जमिनीला जमीन हे तत्त्व बँकेने भारताला शिकवले, असे पुष्कळदा लिहिले जाते. ते खरे नाही. बँक येण्याच्या साडेपाच वर्षे आधी भारतीय लवादाने ते बंधनकारक केले होते.

निवाड्यातली विस्थापिताची व्याख्याही उदार आहे. भूसंपादनाच्या अधिसूचनेपूर्वी किमान एक वर्ष त्या भागात राहणारा, जमीन कसणारा किंवा कामधंदा करणारा कोणीही विस्थापित ठरतो. पेच पुढच्या कलमात पडला. जमीन मिळणार होती ती ‘संपादित’ जमिनीच्या बदल्यात, आणि संपादन होते सातबारावर नाव असलेल्या जमिनीचे.

महाराष्ट्रातली ३३ बाधित गावे तेव्हाच्या धुळे जिल्ह्यात अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांत होती. आज तो नंदुरबार जिल्हा आहे. सातपुड्याच्या उतारावर भिल्ल आणि पावरा कुटुंबे पिढ्यानपिढ्या जी जमीन कसत होती, तिच्यातली बरीचशी सरकारच्या लेखी वनजमीन होती. लोक तिला ‘नेवाड’ म्हणत, सरकार ‘अतिक्रमण’. ३१ मार्च १९७८ पूर्वीची अतिक्रमणे नियमित करण्याचे धोरण महाराष्ट्राने स्वीकारले होते, पण कसणाऱ्याला ती तारीख सिद्ध करता यायला हवी होती. सर्वांत पक्का पुरावा कोणता, तर वनखात्याने केलेल्या दंडाची पावती. ज्याच्यावर गुन्हा नोंदला गेला त्याचा हक्क शाबूत राहिला. ज्याने काही देऊन-घेऊन गार्डाला परत पाठवले, त्याच्याकडे दाखवायला कागदच उरला नाही. शेती दोघांचीही तेवढीच जुनी होती.

ही माहिती १९८५ मध्ये बँकेला मिळण्यासारखी होती. सक्तीच्या विस्थापनाबद्दल बँकेचे स्वतःचे निर्देश १९८० पासून होते आणि आदिवासींबद्दलचे १९८२ पासून. मानववंशशास्त्रज्ञ थायर स्कडर यांना तिने १९८३ मध्ये पुनर्वसनाची पाहणी करायला पाठवलेही होते. तरीही करार झाले तेव्हा बुडणाऱ्या सगळ्या गावांची घरवार पाहणी झालेली नव्हती आणि तिन्ही राज्यांचा मिळून एक पुनर्वसन आराखडाही तयार नव्हता. माणसे मोजण्याआधी पैसे मंजूर झाले. आकडेच पाहा: लवादासमोर महाराष्ट्राची २७ गावे आणि ४५६ कुटुंबे होती, नर्मदा नियंत्रण प्राधिकरणाच्या १९९५ च्या आराखड्यात ३३ गावे आणि ३,२१३ कुटुंबे आहेत. वाढीचा काही भाग सज्ञान मुलांना वेगळे कुटुंब मानल्यामुळे आला, काही मधल्या वर्षांतल्या लोकसंख्यावाढीमुळे. पण सातपट वाढीचा उलगडा एवढ्याने होत नाही. मूळ यादी खऱ्या मोजणीतून आलेलीच नव्हती, असाच निष्कर्ष काढावा लागतो.

पर्यावरणाच्या बाबतीत तारखांचा क्रम आणखी बोलका आहे. केंद्रात पर्यावरण आणि वने मंत्रालय १९८५ सालीच आकाराला आले. त्याची मंजुरी मिळाली २४ जून १९८७ रोजी, आणि तीही सशर्त. अभ्यास अपुरे होते, ते बांधकामाबरोबर पूर्ण करायचे ठरले. म्हणजे देशातल्या नियामकाने होकार देण्याच्या दोन वर्षे आधी परदेशी सावकाराने करार केला होता. नव्या मंत्रालयाने ठामपणे ‘थांबा’ म्हणावे, तर कर्ज लागू झालेले, सगळी तयारी पुढे गेलेली. न्या. एस. पी. भरुचा यांनी सर्वोच्च न्यायालयाच्या २००० च्या निकालातल्या आपल्या भिन्नमतात याच मंजुरीवर बोट ठेवले: आवश्यक माहिती हाती नसताना ती दिली गेली होती. कर्जाने एखादी संस्था दुबळी कशी होते, याचा याहून स्पष्ट दाखला मला या कागदांत सापडला नाही. कोणी मंत्रालयाला धमकावले असे मी म्हणत नाही. त्याच्या निर्णयाची वेळच निघून गेली होती.

दुसरी बाजूही कागदांतच आहे आणि ती दडवणे अप्रामाणिकपणाचे होईल. डिसेंबर १९८७ मध्ये गुजरात सरकारने लागोपाठ ठराव काढून भूमिहीन, वनजमीन कसणारे आणि सज्ञान मुलगे या सर्वांना प्रत्येकी २ हेक्टर देण्याचे मान्य केले. त्यामागे आर्च वाहिनीसारख्या स्थानिक संघटनांचा लढा होता, न्यायालयीन झगडा होता, आणि पैसे रोखण्याचा बँकेचा दबावही होता. हा दबाव नसता तर ते ठराव इतक्या लवकर निघाले नसते. पुनर्वसनासाठी स्वतंत्र संस्थाही गुजरातने १९९२ मध्ये उभी केली, तीही बँकेच्या अटींचा फास आवळत असताना. महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश मात्र गुजरातच्या बरोबरीला आले नाहीत. हाती सातबारा नसलेल्या, महाराष्ट्रातल्या मणिबेली गावच्या माणसाला पूर्ण हक्क हवा असेल, तर त्याने राज्य सोडून गुजरातेत जायचे, असा याचा प्रत्यक्षात अर्थ झाला. महाराष्ट्राने १९९० मध्ये केंद्राची परवानगी घेऊन तळोद्याचे सुमारे २,७०० हेक्टर राखीव जंगल पुनर्वसनासाठी मोकळे केले. तिथे आधीपासून दुसरे आदिवासी शेती करत होते. त्यांची गणनाही कोणत्या यादीत नव्हती.

मोर्स समितीचा अहवाल या सगळ्याच्या मधोमध उभा आहे. नर्मदा बचाओ आंदोलनाच्या संघर्षयात्रेनंतर आणि फेरकुव्याच्या उपोषणानंतर बँकेने १९९१ मध्ये स्वतंत्र फेरतपासणी मान्य केली. अध्यक्ष ब्रॅडफोर्ड मोर्स हे संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे माजी प्रमुख. उपाध्यक्ष थॉमस बर्जर हे कॅनडातले माजी न्यायाधीश. बँकेने आपल्या फाइली त्यांना खुल्या केल्या. समितीचे लोक खोऱ्यातल्या गावांत फिरले आणि जून १९९२ मध्ये त्यांनी अहवाल दिला. प्रचलित परिस्थितीत सर्व विस्थापितांचे पुनर्वसन शक्य नाही, पर्यावरणीय परिणामांचा नीट विचार झालेला नाही, या स्थितीची जबाबदारी कर्जदाराइतकीच बँकेचीही आहे, आणि बँकेने मागे सरून फेरविचार करावा, असा त्याचा सारांश आहे.

या अहवालातले मला सर्वांत मोलाचे वाटते ते बँकेच्या कार्यपद्धतीचे विश्लेषण. अट मोडली गेली की बँक मुदत वाढवी, नवे वचन घेई, थोडी प्रगती दिसली की समाधान मानी. अहवालाने याला टप्प्याटप्प्याने निभावून नेण्याचे धोरण म्हटले आणि त्यानेच पुनर्वसनाची शक्यता खच्ची केली असा निर्वाळा दिला. यंत्रणेवर याचा परिणाम काय झाला असेल, हे सरकारी कचेरीत काम केलेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही. पाहणी पथक येणार म्हणून तक्ते भरले जात. तक्ता पुरा झाला की हप्ता सुटे. आपले नाव कोणत्या यादीत आहे, हे विचारायला डोंगर उतरून तालुक्याला आलेल्या माणसाला उत्तर देणे मात्र कोणाच्याच कर्तव्यात बसत नव्हते.

त्याच वर्षी बँकेचे उपाध्यक्ष विली वापेनहान्स यांच्या गटाने बँकेच्या सगळ्या कर्जव्यवहाराची अंतर्गत तपासणी केली. १९९१ मध्ये ३७.५ टक्के प्रकल्प असमाधानकारक ठरले होते. करारातल्या आर्थिक अटींपैकी जेमतेम २२ टक्के पाळल्या जात होत्या. बँकेत बढती मिळते ती कर्ज मंजूर करून घेणाऱ्याला, असे या गटाने स्पष्ट लिहिले. तेव्हा नर्मदा हा अपवाद नव्हता.

ऑक्टोबर १९९२ मध्ये बँकेच्या कार्यकारी मंडळाने कर्ज चालू ठेवले, पण सहा महिन्यांत पुऱ्या करायच्या अटी घातल्या. मुदत ३१ मार्च १९९३ ला संपत होती. ३० मार्चला भारत सरकारने उरलेले, सुमारे १७ कोटी डॉलरचे, कर्ज नको असे कळवले. काहींनी याला स्वाभिमान म्हटले, काहींनी आंदोलनाचा विजय. कागद पाहता मला ती पळवाट वाटते. अटी पुऱ्या झाल्या की नाहीत, याचा निकाल जाहीरपणे लागण्याआधीच सरकारने परीक्षा सोडून दिली. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात मणिबेलीत पाणी शिरले.

पुढची कामगिरी देशातल्या संस्थांची आहे. केंद्राने १९९३ मध्ये नेमलेल्या पाच सदस्यांच्या गटाचे अध्यक्ष होते जयंत पाटील. गटात वसंत गोवारीकर, रामस्वामी अय्यर, एल. सी. जैन आणि कुलंदैस्वामी होते. त्यांचा अहवाल लोकांपुढे यायला सर्वोच्च न्यायालयाचा आदेश लागला. १९९५ मध्ये न्यायालयाने भिंतीची उंची चार वर्षे रोखून धरली. तक्रार निवारण प्राधिकरणे आली ती १९९९ आणि २००० मध्ये. महाराष्ट्राने २००१ मध्ये न्या. एस. एम. दाऊद यांची समिती नेमली आणि त्यानंतर सुटलेल्या कुटुंबांची पुन्हा मोजणी झाली. करार होऊन सोळा वर्षे लोटली होती, आणि सरकार अजून मोजत होते.

बँकेवर झालेला परिणाम मात्र खोल होता. सप्टेंबर १९९३ मध्ये तिने तपासणी मंडळ स्थापन केले. प्रकल्पाची झळ बसलेले लोक तिथे थेट दाद मागू शकतात. हे मंडळ पुढे मुंबईत आले. २००२ च्या मुंबई शहरी वाहतूक प्रकल्पात रस्ते आणि रेल्वेमार्गांसाठी झोपड्या आणि दुकाने हलवायची होती. त्यासाठी राज्याने १९९७ मध्येच स्वतंत्र पुनर्वसन धोरण आणले होते आणि ज्यांच्याकडे मालकीचा कागद नाही त्यांनाही २२५ चौरस फुटांचे घर देऊ केले होते. नेवाडवाल्यांना जे नाकारले गेले, ते इथे तत्त्वतः मान्य झाले. ही खरी प्रगती आहे. तरीही २००४ मध्ये कुर्ल्याच्या किस्मतनगरमधले दुकानदार तपासणी मंडळाकडे गेले. मोठ्या दुकानालाही तेवढाच गाळा, तोही व्यवसाय चालणार नाही अशा जागी, ही त्यांची तक्रार. मंडळाने डिसेंबर २००५ मध्ये ती बऱ्याच अंशी उचलून धरली. बाधितांची संख्याही सुरुवातीच्या अंदाजापेक्षा कितीतरी जास्त निघाली. मार्च २००६ मध्ये बँकेने रस्ते आणि पुनर्वसनाचे पैसे थांबवले, आणि जूनच्या अखेरीस ते पुन्हा सुरू होईपर्यंत दुकानदारांशी बोलणी आणि तक्रारींची सुनावणी यांना वेग आला होता. चार महिन्यांत जे झाले, ते आधीच्या चार वर्षांत झाले नव्हते.

नर्मदा आणि कुर्ला यांच्यातला फरक मला एवढाच दिसतो की दुसऱ्या वेळी अटीची दोरी बाधितांच्याही हाती होती. पण ती चालली पैसे देणे बाकी होते तोवरच. आणि यादी दोन्ही वेळा चुकीची होती.

मेट्रो, बुलेट ट्रेन, पाणी, रस्ते यांसाठी महाराष्ट्रात परदेशी कर्ज आजही घेतले जात आहे, पुढेही घेतले जाईल. म्हणून लोकप्रतिनिधींकडे आणि ग्रामसभांकडे एक मागणी आहे. करारावर सही होण्याआधी बाधितांची नाववार यादी आणि कराराच्या पुनर्वसनविषयक अटी मराठीत, आणि जिथे लागेल तिथे भिल्ली-पावरीत, चावडीवर आणि प्रभाग कार्यालयात लावा. हरकती ऐका, यादी दुरुस्त करा, आणि मगच सही करा.