'मुंबईतील एक खाजगी संग्रह'

चोपडा तालुक्यातील चहार्डी हे गाव आमच्या नशिराबादहून फार लांब नाही. तेथील ऋषभनाथाची राष्ट्रकूटकालीन कांस्यमूर्ती, भोवती इतर तीर्थंकरांसह, आज मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. मूर्तीच्या नोंदीत गावाचे नाव आहे. पोथीच्या अखेरीस लेखनिकाने गाव आणि शक लिहून ठेवावा तशी ही नोंद. ती आहे म्हणूनच खानदेशातील जैन उपासकांविषयी, त्यांच्या व्यापाराविषयी काही प्रश्न विचारता येतात. व्यापाऱ्यांच्या हातांतून फिरलेल्या शिल्पांची अशी पुष्पिका बहुधा आधी खरवडली जाते. शिवपुरमचा नटराज हे त्याचे ठळक उदाहरण. मूर्ती तमिळ देशीची; पण तिचा माग बुजला तो मुंबईत.

१९५१ साली तंजावर जिल्ह्यातील शिवपुरम येथे शेत नांगरताना चोळकालीन कांस्यमूर्ती सापडल्या. १८७८ च्या गुप्तधनविषयक कायद्यानुसार सरकारदरबारी नोंद होऊन त्या गावच्या देवळाकडे आल्या. १९५४ मध्ये नटराज डागडुजीसाठी कुंभकोणमच्या एका स्थपतीकडे गेला आणि परत आली ती त्याची प्रतिकृती. पूजाअर्चा चालूच राहिली. भाविकांच्या श्रद्धेत त्यामुळे काही उणे आले असे मला म्हणवत नाही. देव मूर्तीच्या धातूत किती आणि भावात किती, हा वाद आपल्या संतांनी केव्हाच घालून ठेवला आहे. परंतु इतिहासाला अस्सल मूर्तीच लागते.

ती प्रथम मुंबईच्या लान्स डेन यांच्याकडे आणि मग बोमन बेहराम यांच्याकडे गेली. १९६५ मध्ये ब्रिटिश म्युझियमचे डग्लस बॅरेट यांचा 'अर्ली चोळ ब्राँझेस' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. देवळातील मूर्ती नक्कल असून अस्सल मूर्ती मुंबईतील एका खाजगी संग्रहात आहे, असे त्यांनी त्यात नोंदवले. ग्रंथाचे प्रकाशक होते मुंबईचेच भुलाभाई मेमोरियल इन्स्टिट्यूट! म्हणजे चोरीची वार्ता त्याच शहरात छापली गेली, विद्वानांनी वाचली, आणि तरीही मूर्ती जागची हलली ती देवळाकडे नव्हे, न्यूयॉर्ककडे. अभ्यासकाचे असे वाक्य दुधारी असते. ते चोरी उघड करते. पण 'हीच अस्सल' असा निर्वाळाही देते, आणि बाजाराला नेमका तोच हवा असतो.

न्यूयॉर्कचे विक्रेते बेन हेलर यांच्याकडून नॉर्टन सायमन यांच्या प्रतिष्ठानाने ती नऊ लाख डॉलरना घेतली. १९७३ मध्ये सायमन यांनी वृत्तपत्राशी बोलताना मूर्ती चोरटी असल्याचे बेधडक सांगितले. नंतर ते विधान त्यांनी नाकारले. १९४७ पासूनच परवान्याविना पुरावस्तू देशाबाहेर नेण्यास बंदी होती. भारत सरकारने दावे लावले. दुरुस्तीसाठी लंडनला गेलेली मूर्ती स्कॉटलंड यार्डने अडकवून ठेवली. १९७६ मध्ये तडजोड झाली: मालकी भारताची, पण दहा वर्षे ती सायमन यांच्या संग्रहालयातच राहावी.

या दाव्यात भारताच्या हाती विक्रेत्यांची एकही प्रामाणिक पावती नव्हती. होती ती १९५१ ची एका शेताची नोंद आणि गावाचे नाव. १९८६ मध्ये नटराज भारतात परतला.